करडईची पेंड कोणाची?

करडईच्या तेलावर पंपाचं इंजिन सुरू झालं, तेव्हा शिंदखेडा तालुक्यातल्या त्या गावाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. प्रोजेक्ट माझाच होता. जळगावच्या एका कंपनीत मी पीक-सल्लागार होतो.

शेतकऱ्याने करडई पेरायची, तेल काढायचं, त्यावर स्वतःचा पंप चालवायचा. इंजिन चालतं, यात मला आजही शंका नाही. प्रश्न परवडण्याचा होता. हे तेल डिझेलपेक्षा महागच पडतं. तो फरक पेंड भरून काढते. पेंड म्हणजे तेल काढल्यावर उरतो तो चोथा, ढोरांचं खाद्य. पेंड विकून शेतकऱ्याच्या हाती पैसा उरेल, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं.

गर्दीतून सुमनअक्कांनी विचारलं, "बठ्ठं तेल इंजिनले पाजशात, मंग भाजीले फोडणी काय डिझेलनी देवानी?"

"अक्का, तुन्हा आवाजवरच पंप चाली," नानाभाऊ म्हणाले. नानाभाऊ म्हणजे शेतकरी गटाचे अध्यक्ष. त्यांच्या शब्दावर गाव त्या रब्बीत हरभरा सोडून करडई पेरणार होतं.

दुपारी मी आणि नानाभाऊ तेलघाणीच्या शेठजींकडे तेल काढायची मजुरी ठरवायला गेलो.

"मजुरी कसली?" शेठजी हसले. "तेल तुमचं, पेंड माझी. आमच्या आजोबांपासून हाच रिवाज आहे."

"आणि पेंड आम्हाला हवी असेल तर?"

"मग रोख मोजा. पण साहेब, तेवढ्या पैशात डिझेल येईल."

मी तिथेच आकडे पुन्हा मांडले. पेंड ठेवा किंवा द्या, गाव तोट्यातच जात होतं. पेंड घाणीवर राहते का, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

कंपनीतल्या माझ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "रिपोर्ट वर गेलाय. आता माघार घेतलीत तर घरी बसा."

नानाभाऊंनी सगळं ऐकलं होतं. रस्त्यात म्हणाले, "साहेब, तुमनी नोकरी शे. माले कोण काढी टाकी? मन्हं नाव सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सभेत गट योजनेतून मागे घेतला. कारण दिलं नाही. कंपनीने "अध्यक्षांच्या आडमुठेपणामुळे" असं लिहून फाइल बंद केली. त्याखाली सही माझी आहे.

गावाने हरभराच पेरला आणि तो चांगला आला. तरी नानाभाऊंनी चांगली योजना घालवली, असं तिथे अजून बोललं जातं. पुढच्या निवडणुकीत गटाने त्यांना पाडलं. मी रिटायर होईपर्यंत गप्प राहिलो.

तेलबियांपासून इंधन करू पाहणाऱ्या तरुणांना मी एवढंच सांगतो: इंजिन नंतर तपासा, आधी घाणीवर जाऊन या.

आणि गावाला सांगतो: योजना नानाभाऊंनी नाही, माझ्या हिशोबाने बुडवली. नानाभाऊंनी तुमचं रान वाचवलं.