बिनरंगाची लेन्स

रंगाचं कार्ड हातात आलं की साहेब आधी खिडकीशी जायचे. "ट्यूबखाली सगळंच जुळतं. उन्हात बघ," म्हणायचे आणि कार्ड हातभर लांब धरायचे. वागळे इस्टेटमधल्या आमच्या शाईच्या कारखान्यात कार्डावरचा पार्टीचा नमुना आणि शेजारी लावलेला आमचा रंग जुळतो की नाही, हे तेच ठरवत. रंग मोजायचं मशीन आलं होतं. साहेब त्यावर जेवणाचा डबा ठेवत.

ज्याच्यापुढे कुणी बोलत नाही असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. मी एकदाच बोलले. औषधाच्या खोक्यांसाठी फिकट निळी शाई बनवली होती. मी म्हटलं, "साहेब, आपला माल पिवळट वाटतोय." त्यांनी कार्ड उन्हात धरलं, पुन्हा धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, तुला रंगाचा डोळाच नाही." माल गेला. त्या पार्टीने पुन्हा ऑर्डर दिली नाही, पण कारण कुणी विचारलं नाही. माझी मात्र लॅबमधून पॅकिंगला बदली झाली.

मी ते खरंच मानलं. साडी घ्यायची तरी वहिनीला सोबत नेऊ लागले.

निवृत्त झालेले साहेब डोंबिवलीत आमच्याच सोसायटीत राहायचे. त्यांना मोतीबिंदू निघाला, आणि त्यांच्या बायकोचे, काकूंचे, गुडघे धरलेले, म्हणून सोबत मी गेले. हॉस्पिटलमधली मुलगी लेन्सांचे प्रकार समजावत होती. एकीने लांबचं दिसेल, दुसरीने लांबचं-जवळचं दोन्ही. साहेबांनी मधेच विचारलं, "लेन्सचा स्वतःचा रंग कुठला?" ती गोंधळली, आत जाऊन आली. "काहींना हलकी पिवळी छटा असते सर. काही एकदम क्लिअर."

"मला बिनरंगाची दे. रंगावरच पोट भरलंय मी."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. ते माझ्या ओढणीकडे बघत राहिले. एक डोळा झाकला, मग दुसरा.

"ही पांढरी आहे?"

"हो."

"नव्या डोळ्याला पांढरी दिसते. जुन्याला पिवळी."

घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता त्यांनी कपाटातून जुनी कार्डं काढली. काळ्या कागदात गुंडाळून जपलेली होती. फिकट निळं सापडलं. पुन्हा एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि ते पलंगावर बसले.

"हे दोन रंग वेगळे आहेत गं. तू सांगत होतीस."

बारा वर्षं मी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता, आणि खराब डोळे यांचे होते. राग आला, रडू आलं. पण समोर बसलेल्या त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी कार्डं पुन्हा काळ्या कागदात गुंडाळली.

पुढे महिनाभर ते रोज सकाळी खिडकीत कार्डं तपासत आणि चुकलेल्या कार्डावर तांबड्या पेन्सिलीने फुली मारत. दुसऱ्या डोळ्याची तारीख टळली. काकू मला म्हणाल्या, "तू सांग त्यांना, तुझं ऐकतील." मी गेले. "साहेब, झालं गेलं विसरा. डोळा करून घ्या."

"नको. दोन्ही डोळ्यांना नीट दिसायला लागलं, की वर्षभरात मीच म्हणायला लागेन, मी चुकलोच नव्हतो."

खरं सांगते, मी पुन्हा आग्रह केला नाही. आतून थोडं बरं वाटलं होतं, आणि ते आठवलं की आज माझीच मला भीती वाटते.

गेल्या थंडीत साहेब झोपेतच गेले. काकूंनी हाक मारली म्हणून मी धावत गेले. डोळे अर्धवट उघडे राहिले होते, ते मीच मिटले. मिटताना दिसलं, एक स्वच्छ होता. दुसरा गढूळच राहिला होता.