जोकबेदबाईंचा टेबलक्लॉथ

जोकबेदबाई आपटेकर दवाखान्यात बसल्या बसल्या गायला लागल्या, तेव्हा कंपाउंडरला वाटलं की ताप डोक्यात गेला. ताप होताच, पण गाण्याचं कारण वेगळं होतं. कापसाचे बोळे ठेवायला डॉक्टरांनी एक विलायती बिस्किटांचा डबा घेतला होता. त्याच्या झाकणावर पाच-पाच रेघांच्या ओळी होत्या आणि त्या रेघांवर शेपट्यांची काळी टिंबं बसवलेली होती. बाकीच्यांच्या लेखी ती नक्षी. बाईंच्या लेखी ते सूर, आणि त्या ते वाचून बघत होत्या.

"काय लिहिलंय?" इंजेक्शन देता देता डॉक्टरांनी विचारलं.

"मांजराच्या शेपटीवर पाय पडलाय, एवढंच."

ही गोष्ट एकोणीसशे पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची. जोकबेदबाई पनवेलच्या इस्रायल आळीत, ज्यूंच्या वस्तीत, शिवणकाम करायच्या. नवरा निसीम नगरपालिकेत कारकून, सरळ आणि भिडस्त माणूस. बाई सरळ होत्या, पण भिडस्त नव्हत्या. आई लवकर गेल्यामुळे त्यांचं लहानपण मुंबईला हायममामाकडे गेलं होतं. मामा पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. सुट्टीवर आला की पाटीवर पाच रेघा ओढायचा, त्यांवर टिंबं काढायचा आणि भाचीला सांगायचा, "हा वरच्या मजल्यावर राहतो, हा तळमजल्यावर आणि हा जिन्यात उभा आहे. आता एकेकाला हाक मार." हाक मारायची म्हणजे तो सूर गायचा. बाराखडीच्या आधी बाईंना हे यायला लागलं.

लग्न होऊन पनवेलला आल्यावर ना बँड राहिला, ना पियानो. पण डोळ्यांची सवय जाईना. त्यात त्या काळी या नक्षीची टूमच निघाली होती. पावडरच्या डब्यावर टिंबं, कॅलेंडरच्या चौकटीत टिंबं, पोस्टमास्तरांच्या हातरुमालावर टिंबं. बाई जिथे दिसतील तिथे ती वाचायच्या आणि बहुतेक वेळा खुदकन हसायच्या, कारण काढणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पोस्टमास्तरांच्या रुमालावर तर पाचाच्या जागी सहा रेघा होत्या. मनिऑर्डर देता देता बाईंनी विचारलं, "मास्तर, हा वरचा मजला कुणाच्या परवानगीने चढवला?" मास्तरांनी घाबरून छताकडे पाहिलं.

भाताच्या गिरणीचे मालक काशीरामशेठ यांच्या घरी बाईंचं येणंजाणं होतं. शेठचं घराणं मूळचं शिरढोणकडचं, आगरी. गिरणी चालली, गावात माडीचं घर झालं, आणि शेठच्या बायकोने, गुणाबाईंनी, गावाकडचं सगळं एकेक करून घराबाहेर काढलं. पाटांच्या जागी खुर्च्या आल्या, पंगतीच्या जागी जेवणाचं टेबल आलं. भाषाही त्यांनी घासूनपुसून लख्ख केली. लग्नातली गाणी कुणी काढली की म्हणायच्या, "आम्हाला नाही बाई येत ती गावठी गाणी." घरात गावाकडचं एवढं एकच राहिलं होतं, त्यांची सासू सखूबाई. तिला काही घासता आलं नाही.

एक दिवस गुणाबाईंनी बाईंना बोलावून मुंबईहून आणलेला ट्रे दाखवला. त्यावर तीच टिंबं.

"हे इंग्लंडच्या राणीपुढे वाजतं म्हणे. दुकानदारानं सांगितलं."

बाईंनी ट्रे हातात घेऊन वाचला. पहिल्या ओळीत काहीच अर्थ नव्हता आणि दुसरी ओळ म्हणजे पहिलीच, उलटी छापलेली. त्यांनी ट्रे जपून खाली ठेवला.

"याला जोडीचा टेबलक्लॉथ हवाय," गुणाबाई म्हणाल्या. "चारी कडांनी हीच नक्षी, काळ्या रेशमात. आमच्या महादेवला सांगून आलेली मुलगी मुंबईची आहे, शिकलेली. ती माणसं घर बघायला येतायत. त्यांना कळू दे."

बाईंनी पांढरं कापड आणलं, पाच रेघा आखल्या आणि ट्रे समोर ठेवून टिंबं भरायला घेतली. पण हात चालेना. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला कुणी 'खटफळ धडबण' असं काहीतरी रेशमाने भरायला सांगावं, तसं झालं. थोडं भरावं, उसवावं, पुन्हा भरावं. अशातच दुपारी जनी आली. जनी शेठकडे स्वयंपाकघरात कामाला होती.

"बाय, माजी चोली झाली का?"

"झाली. हुक लावायचेत. बस जरा."

जनी उंबऱ्यावर बसली आणि बसल्या बसल्या गुणगुणायला लागली. लग्नात मुलीकडच्या बायका वरमाईची, म्हणजे विहिणीची, टिंगल करतात, त्यातलं गाणं होतं.

*इहीन आयली गो दारान,*
*भात खाल्ला परातीन,*
*परात चाटून पुसली,*
*तरी म्हनं भूक नाय भागली!*

बाईंची सुई थांबली. चार ओळी, आणि टेबलाला चार कडा.

"जने, पुन्हा म्हण बघू. सावकाश."

जनीने सावकाश म्हटलं. संध्याकाळी निसीम घरी आला तेव्हा पहिली कड पुरी झाली होती आणि बाई लाल तोंडाने हसत होत्या. त्यांनी सगळं सांगितलं तसा निसीम खाली बसला.

"जोकबेद, हे अंगाशी येईल."

"कसं येईल? शब्द कुठे भरलेत मी? नुसती चाल. गुणाताईंना टिंबं हवी होती, टिंबं दिली. आणि खरी दिली."

"आणि कुणी वाचलं तर?"

"पनवेलमध्ये कोण वाचतंय?"

पाहुणे मुंबईचे आहेत, हे त्या दोघांपैकी कुणालाच त्या वेळी आठवलं नाही.

पाहुणे आले त्या सकाळी टेबलक्लॉथ तयार झाला. बाई स्वतः घेऊन गेल्या, अंथरून दिला, आणि गुणाबाईंनी आग्रहाने चहाला थांबवल्यामुळे स्वयंपाकघरात जनीशेजारी बसल्या. बाहेर मुलीचे आईवडील, मुलगी भामा आणि महादेव टेबलाशी बसले. शेठ टेबलाच्या टोकाला, गुणाबाई त्यांच्या शेजारी. पुऱ्या आणि श्रीखंड आलं. सखूबाई माजघरात झोपाळ्यावर सुपारी कातरत होती. तिला टेबलाशी बसवायचं नाही हे आधीच ठरलं होतं.

मुलीच्या वडिलांना लेकीचं कौतुक फार. ते म्हणाले, "आमची भामा व्हायोलिन शिकते. बरोबर आणलंय तिने." भामाने व्हायोलिन काढलं आणि छानसं काहीतरी वाजवलं. आता आपणही मागे राहू नये, असं गुणाबाईंना वाटलं.

"आमच्या टेबलक्लॉथवरसुद्धा म्युझिक आहे हो," त्या म्हणाल्या. "इंग्लंडचं."

भामाने वाकून पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली आणि मग भुवया वर गेल्या. "अय्या, हे खरं आहे! नेहमी नुसती नक्षी असते. हे वाजवता येईल."

"मग वाजव ना," गुणाबाई आनंदाने म्हणाल्या.

स्वयंपाकघरात जोकबेदबाईंच्या हातातली बशी तिरकी झाली आणि चहा लुगड्यावर सांडला.

भामाने पहिली कड वाजवली. दुसरी कड वाचायला ती उठून टेबलाच्या बाजूला गेली. वडिलांनी कोपर उचललं. तिसऱ्या कडेवर श्रीखंडाचं भांडं होतं.

"आई, ते भांडं जरा उचल. खाली दोन सूर आहेत."

आईने एका हाताने भांडं उचललं. दुसऱ्या हातात तिची पुरी होती. चौथ्या कडेशी महादेव बसला होता, तो खुर्चीसकट मागे सरकला आणि भिंतीला टेकला. अशी टेबलाला प्रदक्षिणा घालून भामाने चाल पुरी केली, आणि आवडली म्हणून पुन्हा पहिल्या कडेपासून सुरू केली.

माजघरातला झोपाळा थांबला.

"अगो, हा तं आमचा गाना!" सखूबाई ओरडली, आणि तिथूनच खणखणीत आवाजात तिने शब्द लावले, "इहीन आयली गो दारान, भात खाल्ला परातीन..."

जनीला राहवलं नाही. तिने स्वयंपाकघरातून पुढची ओळ उचलली. बाईंनी तिचा पदर ओढला, पण गाणं भूक नाय भागलीपर्यंत जाऊनच थांबलं.

बाहेर भामाचं व्हायोलिन अजून खांद्यावर. विहीणच कोणती म्हटली तर त्या टेबलाशी दोन होत्या, आणि त्यांपैकी मुलीच्या आईच्या एका हातात श्रीखंडाचं भांडं होतं नि दुसऱ्या हातात पुरी. सगळ्यांचे डोळे तिकडे वळले. तिनेही आपल्या हातांकडे पाहिलं. मग भांडं खाली ठेवलं, पुरी ठेवली, बोटं पुसली. तिचं माहेर उरणकडचं होतं, म्हणजे याच गाण्यांच्या मुलखातलं, हे पनवेलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. पाठ ताठ करून ती गायला लागली.

*तुजे घरची भाकर गो,*
*पापुद्र्यावानी पातल गो,*
*एके फुकीन उडून गेली,*
*इहीन उपाशी परत आली!*

"आई!" भामा म्हणाली. पण आईचं लक्ष गुणाबाईंकडे होतं.

गाण्यात उत्तर आलं आणि आपण गप्प राहिलो, तर आपण हरलो. ही रीत गुणाबाईंना पाळण्यात असल्यापासून माहीत होती. त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठ छताकडे बघत होते. माजघरातून सासू म्हणाली, "गुणे, गप नको ऱ्हावूस गो! नाक जाल आपला!"

गुणाबाई उभ्या राहिल्या. पदर खोचला. इतकी वर्षं ज्या आवाजाला त्यांनी कुलूप घातलं होतं, तो आवाज रस्त्यापर्यंत गेला.

*फुक तुजी जोराची गो,*
*भाकर ऱ्हवली तव्यावर,*
*छप्पर आमचा उडाला गो,*
*जाऊन परला डोंगरावर!*

मुलीची आई खुर्चीत मागे रेलून इतकी हसली की तिचा चष्मा श्रीखंडात पडला. शेठने लग्नानंतर बायकोचं गाणं पहिल्यांदाच ऐकलं होतं. ते नुसतेच "वा, वा" म्हणत राहिले. सखूबाई काठी टेकत बाहेर आली आणि कुणी सांगितलं नसताना टेबलाशी बसली. लग्न त्याच बैठकीत ठरलं. इंग्लंडची चाल इथे कशी पोहोचली, हे भामा दोनदा विचारून थकली.

पाहुणे पान खात असताना गुणाबाई स्वयंपाकघरात आल्या. जोकबेदबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"ट्रेवरसुद्धा हेच आहे का?"

"नाही, गुणाताई."

"मग काय आहे?"

"ट्रेवर काहीच नाही. अर्धी टिंबं तर उलटी आहेत."

"मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही इतक्या खूश होतात," बाई म्हणाल्या. हे खरं होतं, पण अर्धंच. मग त्यांना उगीच सुचलं म्हणून म्हणाल्या, "टेबलक्लॉथ गरम पाण्यात टाकू नका हां. रेशीम विटतं."

गुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. राग की हसू, ते जनीला कळलं नाही. पण जनीने बाकीचं सगळं गावभर केलं. पुढे कित्येक दिवस शेठच्या घरून शिवायला काही आलं नाही. निसीम जेवताना नुसता बघायचा. 'मी सांगितलं होतं' हे त्याने एकदाही म्हटलं नाही, आणि त्याचाच बाईंना जास्त राग यायचा.

इतर गिऱ्हाइकांची निराळीच तऱ्हा. जिने तिने बाईंनी भरलेल्या वस्तू संशयाने उलगडून बघायला सुरुवात केली. मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई उशीचा अभ्रा घेऊन आल्या. त्यावर दोन पोपट होते.

"खरं सांगा, हे काय म्हणतायत?"

"काही म्हणत नाहीत. पेरू खातायत."

"नक्की ना? मिस्टर याच्यावर डोकं ठेवतात."

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना एका दुपारी गुणाबाई स्वतःच आळीत आल्या. काखेत कापडाचा गठ्ठा. इतक्या वर्षांत त्या बाईंच्या घरात प्रथमच पाऊल टाकत होत्या. त्या खाली चटईवरच बसल्या. खुर्ची दिली ती घेतली नाही.

"विहिणीला आहेरात एक टेबलक्लॉथ द्यायचाय," त्या म्हणाल्या. "चारी कडांनी टिंबं. पण गाणं मी सांगीन."

"कुठलं?"

गुणाबाईंनी दाराकडे पाहिलं. "आधी ते लावून घ्या. मोठ्याने म्हणायच्या लायकीचं नाही ते."

निसीम कचेरीतून आला तेव्हा दार आतून बंद होतं. आत कुणीतरी अगदी हळू गात होतं, मग दोन बायका तोंडं दाबून हसत होत्या, मग बायकोचा आवाज येत होता, "थांबा, थांबा, हा वरच्या मजल्यावर की जिन्यात?" निसीमने दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. तो पायरीवर बसला. शेजारची तमार पाणी घेऊन जाताना थबकली.

"काय चाललंय हो आत?"

"माप घेतायत," निसीम म्हणाला.