नेमका कुठला लाल

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. लिफ्टचा मिस्त्री. उंच इमारतींच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी मशीनची एक कोंदट खोली असते. तिथे ग्रीसने माखलेल्या हातांनी त्याचा दिवस जाई. "आपलं सगळं आयुष्य खालीवर करण्यात गेलं, पुढे म्हणून काही सरकलं नाही," असं तो सांगायचा. बायको होती तोवर या विनोदाला हसणारं एक हक्काचं माणूस घरात होतं.

बायको त्याच्या घरात आली ती चार वर्षांच्या मुलीचं बोट धरून. मुलीचा बाप दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात रमलेला. पोरीला एक बाबा आधीच होते, म्हणून याचं बारसं तिनेच केलं: लिफ्टबाबा. तापात कपाळावर पट्ट्या ठेवायला लिफ्टबाबा, सायकलमागे धावायला लिफ्टबाबा. पण कागदावर तो तिचा कोणी नव्हता. ते कागदाचं एकदा उरकून टाकू, असं नवराबायको दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी ते राहून जाई. मग बायको आजारी पडली, आणि गेलीच.

पुढे काही महिन्यांनी मुलीच्या बापाचा फोन आला. शाळेचं वर्ष संपलं की तो तिला घेऊन जाणार होता. आवाज चढवला नाही, भांडला नाही. "तुम्ही खूप केलंत तिचं," म्हणाला. मिस्त्री वकिलाकडे जाऊन आला. वकिलाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि नकारार्थी मान हलवली.

त्यानंतरच्या एका रविवारी पोरगी न्हाणीघरातून बाहेर आली ती तोंडावर हात धरून. ओठ सुजून टम्म झालेले, भोवती लाल पुरळ. दुसऱ्या हातात आईची लिपस्टिक. कपाटाच्या खणात, पिनांच्या डब्यामागे सापडली म्हणे. मिस्त्रीचं धाबं दणाणलं. या घरात दुखणं कसं शिरतं ते त्याने पाहिलं होतं. त्याने लिपस्टिक तिच्या हातातून ओढली, कचऱ्याच्या डब्यात भिरकावली आणि तिला स्कूटरवर बसवून दवाखाना गाठला. डॉक्टरने साधं मलम दिलं. जुनी होती, खराब झाली असेल, एवढंच.

सूज उतरली, पण पोरगी बोलेना. शेवटी ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "ती आईची होती."

"माहीत आहे गं."

"मग टाकलीस कशी?"

तोवर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. मिस्त्रीने घास तसाच ताटात ठेवला.

म्हणून शनिवारी कामावरून लवकर सुटून तो तिला बाजारातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात घेऊन गेला. काचेच्या कपाटांत दिवेच दिवे. आपले बूट दारातच काढावेत की काय, असं त्याला वाटलं. काउंटरवरच्या बाईंनी आधी पोरीकडे, मग त्याच्याकडे पाहिलं.

"पहिल्यांदाच का?"

"हो," पोरगी म्हणाली. "नवीन शाळेत जायचंय. तिथे चालतं लावलेलं."

"आईला विचारलंय ना? नाहीतर संध्याकाळी परत करायला येतात लोक."

पोरीने मान खाली घातली. "आईनेच पाठवलंय," मिस्त्री म्हणाला. हे त्याच्या तोंडून कसं निघालं, त्याचं त्यालाच कळलं नाही. पोरीने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

बाई कामाला लागल्या. तेराव्या वर्षी फाउंडेशन नको, पावडर नको, त्वचा आहे तशी राहू दे. काजळ लावलंस तर झोपताना पूस. ओठांना हलका रंग पुरे. पण पोरगी रंगांपाशीच अडली. एकेक नळी उघडून ती मनगटावर रेघ ओढून पाहू लागली. तिचं मनगट भरलं तसा तिने मिस्त्रीचा हात ओढला. ग्रीसने काळवंडलेल्या त्याच्या हातावर लाल, विटकरी, जांभळट रेघा उमटल्या. तो आज्ञाधारकपणे हात पुढे करून उभा राहिला.

"आईची यातली कुठली होती?"

त्याने रेघा निरखल्या. आठ वर्षं ते ओठ त्याने रोज पाहिले होते. "लाल होती."

"लाल म्हणजे कुठला लाल? हा?"

"असेल."

"असेल नको. होता का ते सांग."

त्याला सांगता येईना. डोळे मिटले तर बायकोचा चेहरा दिसे, पण शेवटचा, दवाखान्यातला, कोरड्या ओठांचा. नळीच्या बुडाला शेडचं नाव असतं, बाई म्हणाल्या. नळी आणली असती तर लगेच शोधून दिली असती. आणि जुनी शेड असेल तर ती आता येतही नसेल.

पोरीने मग जास्त शोधलं नाही. बाईंनी दिलेली फिकट गुलाबी आणि एक काजळ घेतलं. बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाला, "चुकलंच माझं." ती म्हणाली, "असू दे." कुणा मोठ्या माणसाने समजूत काढावी तसं म्हणाली, आणि त्याला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

बाप न्यायला आला त्या सकाळी तिने आरशासमोर बराच वेळ घालवला. बाहेर आली तेव्हा डोळ्यांत काजळ, ओठांवर तो गुलाबी रंग. एका बाजूचं काजळ जरा फिसकटलं होतं. "छान दिसतेस," मिस्त्री म्हणाला, आणि ते खरं होतं.

बाप गाडीशी उभा होता. भला माणूस, बॅगा स्वतः उचलत होता. तिच्याकडे पाहून हसला. "हे काय तोंडाला? पूस पाहू, घरी सगळे वाट बघतायत." पोरीने मिस्त्रीकडे पाहिलं. तो काही म्हणेल म्हणून थांबली असावी. मिस्त्रीच्या तोंडाशी शब्द आले होते, राहू द्या की, आवडीने लावलंय. पण कुठल्या नात्याने म्हणणार? त्याने बॅगेचा पट्टा उगाचच घट्ट केला. पोरीने मनगटाने ओठ पुसले आणि गाडीत बसली.

सुरुवातीला रोज फोन यायचा. मग रविवारचा झाला. नवीन घर, नवीन मैत्रिणी, धाकटा भाऊ, सांगायला पुष्कळ होतं. पुढे तेही आटत गेलं. मधेच कधीतरी ती म्हणायची, "बोल ना," आणि त्याला वंगण आणि दोरखंड सोडून काही सुचायचं नाही. सुट्टीत येईन, एवढं मात्र तिने नक्की सांगितलं होतं. मिस्त्रीने आठवड्याची रजा टाकली, तिच्या खोलीला रंग काढला, पडदे धुतले. आदल्या दिवशी बापाचा फोन आला. तिचे सुट्टीतले क्लास लागले होते, यंदा जमणार नाही.

"बरं," मिस्त्री म्हणाला. "तिला द्या जरा."

"बाहेर गेलीय मैत्रिणींबरोबर. आली की करायला सांगतो."

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री हत्यारांचा डबा घेऊन नेहमीच्या इमारतीत हजर झाला. त्याच्याबरोबर काम करणारा जोडीदार शिडीवरून म्हणाला, "अरे, तुझी रजा होती ना?"

"होती," मिस्त्री म्हणाला, आणि मेन स्विच बंद करून मशीनचं झाकण उघडायला बसला.