हिमायतनगरात आलेला वास

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ वळत नाही. तरी घडलं ते क्रमाने सांगतो.

समुद्रातल्या जुन्या तेल-प्लॅटफॉर्मची ड्रेनेज व्यवस्था तपासणं हे माझं काम. नकाशे हैदराबादच्या ऑफिसात तपासले जातात, प्रत्यक्ष पाहणी तिकडे होते. त्या आठवड्यात पाहणीला माझा सहकारी श्रीनिवास गेला होता.

एक गोष्ट आधी समजून घ्यावी. मोरीच्या जाळीखाली वाकड्या नळीत थोडं पाणी कायम साचलेलं असतं. खालचा वायू ते अडवून धरतं. मोरी वापरात नसली की ते सुकतं, म्हणून तिथे अधूनमधून पाणी ओतायचं असतं. घरी हे विसरलं तर दुर्गंधी येते. प्लॅटफॉर्मवर त्याच वाटेने विषारी वायू झोपायच्या खोल्यांत शिरू शकतो.

रविवारची सकाळ होती, मी हैदराबादला हिमायतनगरच्या घरी होतो. माझी पत्नी वैशाली स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, सडक्या अंड्यांचा वास कुठून येतोय? समुद्रावरची घाण घरी आणलीत की काय?"

वास मलाही आला... चांगलाच उग्र. मोऱ्या पाहिल्या, सगळीकडे पाणी होतं. वरच्या मजल्यावर विचारलं. त्यांना काहीच जाणवत नव्हतं. शेवटी कामाच्या बॅगेतला गॅस-मीटर काढला. आकडा शून्य!

थोड्या वेळाने वैशाली म्हणाली, "गेला बाई एकदाचा!"

मी ताडकन उठलो. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, प्लॅटफॉर्मवरचा तोच विषारी वायू. तो थोडा असतो तेव्हा वास येतो. वाढला की नाक बधिर होतं आणि वास नाहीसा होतो. आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात — वास गेला की पळायचं. मीटर अजून शून्यच दाखवत होता, म्हणजे घरात धोका नव्हता. तरीही मला तिकडे असलेला श्रीनिवास आठवला, आणि मी प्लॅटफॉर्मवर फोन लावला.

"कायकू परेशान होरा यारो?" श्रीनिवास हसला. "सुबे सड़े अंडे की बास आरी थी, अब तो कुछ बी नै."

"श्रीनिवास, मज़ाक नै. सबको बाहर निकाल. अब्बी!"

त्याने लगेच अलार्म दाबला. माणसं बाहेर आली. रात्रपाळी करून झोपलेला स्वयंपाकी राजय्या मात्र आला नाही. मास्क लावून त्याला उचलून आणलं, तेव्हा त्याचा श्वास कायमचा थांबलेला होता.

नंतर कारण सापडलं. रिकाम्या खोलीतल्या बाथरूमची मोरी कोरडी पडली होती, आणि कुठल्याशा जुन्या दुरुस्तीत तिचा पाइप तेलाच्या ड्रेनला जोडला गेला होता.

ऑफिसातले म्हणतात, शहराचं गटार असेल, योगायोग असेल. असेलही. पण मग मीटर शून्यावर का राहिला?

परतल्यावर श्रीनिवास घरी आला. म्हणाला, "तेरे कू इत्ती दूर बास आई. राजय्या के बाजू के कमरे में मैं था... मेरे कू आनी कायकू बंद हो गई?"

त्याला वास येणं का थांबलं, ते प्रशिक्षणातलंच उत्तर मी सांगितलं. आम्हाला का आला, ते मला सांगता आलं नाही.