उस्मानचाचांचं ओलं मैदान

उस्मानचाचांना कानात बोलता येत नसे. सगळा जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. पुण्याच्या रेसकोर्सवर ते मला बाजूला घेत, "मास्तर, कान इकडं करा, कुनाला सांगू नका," असं म्हणत आणि मग घोड्याचं नाव असं सांगत की तिकिटाच्या रांगेतली सगळी माणसं माना वळवून बघत. त्यावर चाचाच वैतागत. "लोकांना दुसऱ्याचा ऐकायची लई हौस!"

चाचांना जाऊन आता दोन वर्षं होतील. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले ते. स्वतःचे थोडे लूम, भारदस्त मिशा आणि घोड्यांचा शौक. मी शेजारच्याच टेमघरचा शाळामास्तर. आमच्यातला तिसरा काल्हेरचा म्हात्रे. त्याच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली, त्यामुळे गाडी त्याची आणि ऐटही त्याचीच. पावसाळ्यात पुण्याचा सीझन लागला की रविवारी सकाळी आम्ही तिघे निघायचो.

आमचा खेळ एकच, ट्रेबल. म्हणजे ठरवून दिलेल्या तीन शर्यतींत कोणते तीन घोडे जिंकतील ते आधीच सांगायचं. त्यातला एक जरी हरला तरी तिकिटाचा बोळा. प्रत्येकाने एकेका शर्यतीचा घोडा निवडायचा आणि दुसऱ्याच्या निवडीवर चकार शब्द काढायचा नाही, हा आमचा कायदा होता. शेवटची शर्यत चाचांची. पहिले दोन घोडे लागले की सगळा जीव तिसऱ्यावर टांगलेला असतो, म्हणून ती मानाची जागा. पैशाचं कौतुक कुणालाच नव्हतं. चाचींना हा शौक साफ नामंजूर. "जुगाराचा पैसा माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाय," असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. म्हणून जिंकलेलं सगळं आम्ही वाटेतच खाऊन संपवत असू. चाचांना हवी असायची ती जीत.

आणि ती त्यांना मिळायची. पैसे लावणारे सगळे पंटर घोडे बघायला धावत, तेव्हा चाचा मैदानाच्या कठड्याशी जात आणि छत्रीचं टोक जमिनीत खुपसत. टोक अडलं तर हलक्या चालीचा घोडा. खोल रुतलं तर रुंद खुरांचा, दांडगा. "घोड्याला काय इचारता? मातीला इचारा," असं ते म्हणायचे. मैदान ओलं असलं की चाचा चुकतच नसत. रस्त्यात पाऊस लागला की म्हात्रे गाडी चालवता चालवता शीळ घालायचा, कारण आजचा दिवस आपला हे ठरलेलंच.

मग एका उन्हाळ्यात ते मैदान उकरून नव्यानं केलं. खाली वाळूचा थर, वर नवी हिरवळ. चाचांनी बातमी ऐकली आणि हात झटकला. "गवत बदलला म्हणून पाऊस थोडाच बदलतो?"

त्या सीझनला चाचा ओल्या रविवारी हरू लागले. एकदा, दोनदा, मग दर ओल्या रविवारी. छत्री खोल रुतायची, चाचा दांडगा घोडा सांगायचे आणि तो मागे राहायचा. आजूबाजूचे पंटर जॉकींना शिव्या घालत. चाचा कुणालाच काही म्हणेनात. परतीच्या वाटेवर भजी यायची, पण ते एक उचलून नुसतं हातात धरून बसत. लूमवरही त्यांचं लक्ष नाही, असं चाचींनी मला एकदा काळजीनं सांगितलं. मला फार वाईट वाटायचं. हरण्याचं नव्हे, तो मोठा आवाज बसत चालला होता त्याचं.

अखेर एका रविवारी घाट चढताना म्हात्रे बोलला. तोंडाचा फटकळ, पण त्या दिवशी चाचरत होता. "चाचा, राग मानू नका. आज घोडा न्हाय लागला तर पुढच्या रविवारपासून शेवटची शर्यत मास्तरांना द्या."

चाचा खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर पाऊस कोसळत होता. "दिली," ते म्हणाले.

रेसकोर्सवर छत्री मुठीपर्यंत जाते की काय असं वाटलं. त्या दिवशी शेवटच्या शर्यतीत 'ओल्ड ड्रमर' होता. चिखलात त्याच्यासारखा घोडा नाही अशी ख्याती. चाचांचा तो जुना लाडका, आणि गर्दीचाही तोच फेवरिट. चाचांनी मान डोलावली. म्हात्रेनं सुटकेचा सुस्कारा सोडला.

ट्रेबलच्या आधीची एक शर्यत पळून झाली. घोडे आमच्या समोरून परत जात होते. लोक जिंकलेल्या घोड्याकडे बघत होते आणि चाचा शेवटी आलेल्याकडे. एकाएकी त्यांनी माझं मनगट धरलं.

"मास्तर, त्याची विजार बघा."

"कुणाची?"

"शेवटच्या जॉकीची. पांढरी हाय ना?"

होती. भिजलेली, पण पांढरीशुभ्र.

"आख्ख्या शर्यतीत हा सगळ्यांच्या मागं पळाला. पुढच्या घोड्यांनी उडवलेला चिखल याच्या अंगावर पायजे. कुठं हाय चिखल? कपडा झूट नहीं बोलता, मास्तर!" जन्मभर कापडावरचा डाग शोधत आलेला माणूस तो. त्यांनी हातातल्या छत्रीकडे पाहिलं, मग आमच्या बुटांखालच्या रेंद्याकडे. कठड्याच्या या बाजूची जमीन कुणी बदललीच नव्हती. "या अल्ला! आपन हितली माती खुपसतोय, आनि घोडं पळतंय तिकडं!"

तसेच ते रांगेत घुसले. पाणी वाळूतून खाली जातंय, वरचं मैदान घट्टच आहे, असं माझ्या कानात सांगताना त्यांनी सगळ्या रांगेला सांगितलं आणि घोडीचं नाव घेतलं, 'पेपर काइट'. ही सडपातळ घोडी फक्त कोरड्या मैदानावर पळते, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लोक खो खो हसले. "चाचा, बाहर बारिश हो रही है," कुणीतरी म्हणालं. म्हात्रेचा चेहरा पडला, पण कायदा म्हणजे कायदा, तो गप्प राहिला. ओल्ड ड्रमर लावून चाचा हरले असते तर सगळ्या गर्दीबरोबर हरले असते. आता हरले असते तर एकटेच.

ट्रेबलमधली पहिली शर्यत माझा घोडा नाकाच्या अंतरानं जिंकला. दुसरी म्हात्रेच्या घोड्यानं आरामात मारली. तिसरीला आम्ही तिघेही कठड्याला चिकटलो.

वळणावर ओल्ड ड्रमर नेहमीसारखाच पुढे सरसावला. एरवी इथे बाकीचे घोडे चिखलात दमून गळायचे. त्या दिवशी एकही गळला नाही. गर्दी त्याचं नाव घेऊन ओरडत होती आणि त्या सगळ्या गर्दीवर एकच आवाज चढला, "चल गं माझी बाय!" पेपर काइट आतल्या बाजूनं निघाली, ड्रमरला गाठलं, मागे टाकलं, आणि मग तिच्या आसपास कुणी उरलंच नाही. भरपावसात, एकटी, सरळ रेषेत ती जिंकून आली.

म्हात्रेनं चाचांना उचलून घेतलं. हसणारे सगळे आता विचारायला धावले. दुसरा कुणी असता तर मिशीला पीळ भरून गप्प राहिला असता. चाचा मात्र म्हात्रेच्या मिठीतूनच ओरडून सांगत होते, "आख्खा सीझन मी चुकत व्हतो! आख्खा सीझन!" आपली चूक एवढ्या आनंदानं जगाला सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आजही वर्गात एखादं गणित माझ्याकडून चुकलं की मी ते मोठ्यांदा सांगतो. मुलं हसतात, मला बरं वाटतं.

परतताना चाचांनी भज्यांची दुसरी बशी मागवली. गाडीत म्हात्रेनं आरशातून चाचांकडे पाहिलं. मग म्हणाला, "चाचा, माझं चुकलं. आता पुढच्या रविवारपासून तिन्ही शर्यती तुमीच सांगा."

मला वाटलं, चाचा खूश होतील. ते केवढ्यांदा तरी भडकले.

"येडा झालास काय रं? तिन्ही मी सांगू, मंग तुमी दोघं पुण्याला काय करशाल, भजी खाशाल? तू हरलास की मी तुला शिव्या घालीन, मी हरलो की तू मला घाल. तुझी शर्यत तुझी, मास्तरांची मास्तरांना." मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल असं सांगितलं, "शेवटची माझी!"