मान मोडलेली लेन्स

बांधकाम खात्याच्या त्या कार्यालयात छायाचित्रकार नावाचं एक पद आहे, हे तिथल्याच निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते त्या पदावरच्या माणसाला काटकोन म्हणत. भिंतीवरचं कॅलेंडर किंचित कलंडलेलं असलं की तो बोलणं अर्धवट टाकून ते सरळ करायला उठायचा, मग समोर वरिष्ठ बोलत असले तरी.

बावीस वर्षं तो खात्याने बांधलेल्या इमारतींचे फोटो काढत होता. शाळा, दवाखाने, पंपघरं. उंच इमारत चौकटीत बसवायची तर कॅमेरा वर करावा लागतो, आणि कॅमेरा वर केला की इमारत मागे झुकते. त्यामुळे त्याच्या फायलींमधल्या तमाम इमारती भरपेट जेवून आरामखुर्चीत रेलल्यासारख्या दिसत. बाकी कुणाला त्यात वावगं वाटत नसे. काटकोनला रेललेला दवाखाना बघून खरोखर आजारी वाटायचं.

घरीही तेच. मेव्हण्याच्या लग्नाचे फोटो त्याने हौसेने काढले होते. ते बघून बायको, जी कपडे शिवायची आणि म्हणून मापाच्या बाबतीत कुणाला ऐकत नसे, म्हणाली, "अहो, माझ्या भावाचं डोकं कुठंय?"

"खांब बघ ना. पायापासून छतापर्यंत सरळ आलाय."

"खांबाचं लग्न होतं का?"

या दुखण्यावर औषध आहे, हे त्याला एका मासिकात कळलं. टिल्ट-शिफ्ट लेन्स. कॅमेरा नाकासमोर सरळ ठेवायचा, आणि फक्त लेन्स आपल्या जागी वर सरकवायची. इमारतीचा माथा आपसूक चौकटीत उतरतो, भिंती उभ्याच्या उभ्या. शिवाय ती लेन्स मानेत वाकतेही, पण ते वाकणं वेगळ्या कामासाठी. त्याने अर्ज केला. चार महिन्यांनी तो शेऱ्यासह परत आला: "कार्यालय एकाच पाळीत चालत असताना शिफ्टच्या लेन्सची गरज स्पष्ट करावी." त्याने स्पष्ट केली. पुढचा शेरा होता, "सरळ लेन्स उपलब्ध असताना वाकणारी का?" असा पत्रव्यवहार सहा वर्षं चालला. सातव्या वर्षी मंजुरी आली; बहुधा आधीचे कागद फायलीत मावेनासे झाले म्हणून.

आणि सोमवारी सकाळी लेन्स आली.

दुपारी ते कळताच काटकोन दोन-दोन पायऱ्या चढत भांडारात पोचला. टेबलावर खोकं होतं, पण त्याला नव्याने चिकटपट्टी लावलेली, वर परतीचा पत्ता. भांडारपाल चष्मा पुसत होता. तो प्रामाणिक माणूस होता, आणि कार्यालयातले बरेचसे घोटाळे त्याच्या प्रामाणिकपणातून होत.

"मान मोडलेली निघाली," भांडारपाल म्हणाला. "मी स्वतः तपासली. डावीकडे वाकते, उजवीकडे वाकते, वर सरकते. नुसती लटपट. चारला कुरिअरवाला येतोय."

"अहो, ती वाकायलाच हवी. तेवढ्यासाठीच मागवलीय."

"मोडकी मागवलीय?"

"मोडकी नाही. वाकणारी."

"हे बघा, माल सुस्थितीत मिळाला अशी सही मी करायची. मान हलणाऱ्या वस्तूखाली मी सही करत नाही. परत जाऊ द्या, नवीन मागवू."

नवीन मागवणं म्हणजे काय, हे काटकोनला पत्रव्यवहारावरून माहीत होतं. पुन्हा सहा वर्षं, आणि तोवर गुडघे जिना चढू देतील की नाही कुणास ठाऊक. "मॅडमनी सही केली तर?"

मॅडम म्हणजे मुख्य अभियंता. "त्यांनी केली तर माझं काय जातंय," भांडारपाल म्हणाला आणि घड्याळाकडे बघितलं. सव्वादोन वाजले होते.

काटकोनने चिकटपट्टी दातांनीच तोडली.

दाखला म्हणून कार्यालयाचीच इमारत घ्यायची ठरली. पाच मजली, आणि समोरचा रस्ता इतका अरुंद की आजवर तिचा धड फोटो कुणालाच काढता आला नव्हता. पलीकडच्या लाँड्रीच्या शटरला पाठ टेकवून त्याने तिपाई उभी केली. भांडारपाल मालावर नजर ठेवायला शेजारी उभा. लाँड्रीवाली इस्त्री बाजूला ठेवून बाहेर आली.

काटकोनने पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्यात आणला. चौकटीत सध्या खालचे दोन मजले आणि पुष्कळसा डांबरी रस्ता. मग त्याने बाजूची कळ फिरवली. लेन्स वर सरकू लागली आणि पडद्यावर तिसरा मजला उगवला, चौथा, पाचवा, गच्चीचा कठडा, वरती बोटभर आभाळ. खिडक्यांच्या रांगा वरपासून खालपर्यंत जशाच्या तशा, आखून ठेवल्यासारख्या.

"अगं बाई," लाँड्रीवाली वाकून म्हणाली, "ही उभी राहिली की."

"बावीस वर्षांनी," काटकोन म्हणाला.

त्याने बारा फोटो घेतले. खरं तर एक पुरला असता. साडेतीनला त्यातला सगळ्यात मोठा छापून तो जवळजवळ पळतच मॅडमच्या खोलीत गेला. मागोमाग खोकं छातीशी धरून भांडारपाल.

मॅडमनी फोटो हातात धरला आणि खुर्चीत पुढे सरकल्या. "हे आपलं ऑफिस?" त्या बराच वेळ बघत राहिल्या. "इथे रोज येते मी. असं कधी बघितलंच नाही." आणि पेन उचललं.

"एक मिनिट," भांडारपाल म्हणाला. त्याने खिशातून स्टीलची पट्टी काढून फोटोच्या डाव्या कडेला लावली. "इथे बघा. बाकी सगळं सरळ, पण हा कोपरा वर जाता जाता बाहेर गेलाय. दोन मिलिमीटर. मी म्हटलं नव्हतं, मान हलतेय म्हणून?"

काटकोनने वाकून बघितलं. दोन मिलिमीटर होते. एवढ्या उत्साहात त्याने, जो कॅलेंडरं सरळ करत फिरायचा त्याने, डावा कोपरा बघितलाच नव्हता. मग त्याची नजर कोपऱ्याला लागून असलेल्या विजेच्या खांबावर गेली. पट्टी खांबाला लावली. खांब अगदी सरळ होता.

"लेन्स वाकडी असती तर शेजारचा खांबही वाकडा आला असता," तो हळूच म्हणाला. "लेन्सला खांब आणि भिंत यांतला फरक कळत नाही."

डावी बाजू म्हणजे नंतर वाढवलेला भाग. सत्तावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, तो मॅडमनी स्वतः उभा राहून बांधून घेतला होता. हे सगळ्यांना माहीत होतं. निरोपसमारंभांच्या भाषणांत ते दरवेळी यायचं.

भांडारपालाने पट्टी गुपचूप खिशात घातली. "तसं म्हटलं तर," तो म्हणाला, "मानच मोडलेली आहे असं धरायला हरकत नाही. परत पाठवू. विषय संपला."

वाट सोपी होती. काटकोनला नुसतं गप्प बसायचं होतं. भिंत राहिली असती, मॅडम राहिल्या असत्या, लेन्स तेवढी गेली असती. त्याने खोक्याकडे बघितलं.

"मॅडम, लेन्स सरळ आहे," तो म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडे न बघता फोन उचलला. "मिस्त्रींना ओळंबा घेऊन गच्चीवर पाठवा. आत्ता."

चारला दहा कमी असताना मिस्त्रीने डाव्या कोपऱ्यावरून दोरी सोडली. खाली मॅडम, काटकोन, भांडारपाल, लाँड्रीवाली आणि लवकर आलेला कुरिअरवाला माना वर करून उभे. वजन डोललं, डोललं आणि थांबलं. भिंतीपासून सहा बोटं लांब.

मॅडमनी स्वतःची बोटं लावून पुन्हा मोजली. सहाच भरली.

"पडायची असती तर एव्हाना पडली असती," मिस्त्री वरून धीर द्यायला ओरडला.

"उद्या सकाळी तपासणी," मॅडम म्हणाल्या. "तोपर्यंत त्या बाजूच्या खोल्या रिकाम्या करा." मग त्यांनी भांडारपालाकडून पावती घेतली, त्याच्या पाठीचं टेबल केलं आणि लिहिलं: वस्तू सुस्थितीत. दोष लेन्समध्ये नसून इमारतीत आढळला. खाली सही, तारीख, वेळ. कुरिअरवाला रिकाम्या हाताने गेला.

काटकोनला लेन्स छातीशी धरावी की मॅडमची माफी मागावी, कळेना. त्याने दोन्ही एकदम करायला सुरुवात केली.

"ते राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "मी आणखी सहा इमारती बांधल्यात. तुमच्या फोटोंत त्या सगळ्याच मागे रेललेल्या, त्यामुळे माझं काय चुकलं ते कधी कळलंच नाही. किती दिवस लागतील?"

"दिवस कशाला? अजून दीड तास उजेड आहे. तुमची शाळा तर दहा मिनिटांवर."

कार्यालयाची गाडी बाहेरगावी गेली होती. मुख्य अभियंता काटकोनच्या स्कूटरवर मागे बसल्या, तिपाई आडवी धरून, लेन्सची पिशवी मांडीवर घेऊन. तो सिग्नलला थांबला की त्या म्हणत, "हिरवा झाला. चला."

शाळेसमोर उतरल्यावर त्यांनी वर बघितलं नाही. चपलेत गेलेला खडा काढत राहिल्या. काटकोनने पाणसळ लावली, बुडबुडा मध्यात आणला, कळ फिरवली. पहिला मजला, दुसरा, तिसरा.

"सांगा," मॅडम म्हणाल्या. "आणि मघासारखंच सांगा."

"जरा थांबा," काटकोन पडद्यावरून डोळे न काढता म्हणाला. "आधी बघू तर द्या."