बिनपट्ट्याच्या माणसाची गादी

एकहार्ट ब्रोडबेकने उभं आयुष्य गाडीच्या एका अशा भागावर घालवलं, जो गाडी विकत घेणारा कधी वाकूनही बघत नाही. स्टिअरिंगच्या खाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर डॅशबोर्डचा जो फुगीर भाग असतो, त्याच्या आत एक वाकणारा पत्रा असतो आणि पत्र्यावर फोमचा थर. टक्कर झाली की गुडघे तिथे आपटतात आणि पत्रा स्वतः चेपून त्यांचा मार झेलतो. जर्मनीतल्या नेकार नदीच्या काठावरच्या त्या कारखान्यात या भागाला सगळे गादी म्हणत आणि एकहार्टला गादीवाला. त्याला त्याचं काही वाटत नसे. त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता.

राग असा, की एकाच गाडीसाठी त्याला दोन गाद्या कराव्या लागत. युरोपची पातळ, अमेरिकेची जाड. युरोपातला कायदा गृहीतच धरतो की माणूस सीटचा पट्टा बांधून बसला आहे. अमेरिकेतला कायदा म्हणतो, पट्टा न बांधलेला पुतळाही गाडीत बसवा, ती भिंतीवर आपटा, आणि तोही जगला पाहिजे.

"म्हणजे पट्टा आपण द्यायचा, तो त्याने बांधायचा नाही, आणि जाड गादी आपण शिवायची," एकहार्ट जेवणाच्या सुट्टीत लोणी लावलेला ब्रेट्सेल पाव मोडत म्हणायचा. "कोण हा बिनपट्ट्याचा माणूस? मला त्याचं नाव सांगा. मी घरी जाऊन त्याला पट्टा बांधून येतो."

लोक हसत. हे भाषण सगळ्यांना पाठ होतं. त्यापुढचंही पाठ होतं. आपल्याकडचं गिऱ्हाईक रंग, चाकं, सीटचं कापड एकेक निवडून सहा-सहा महिने गाडीची वाट बघतं. तिकडचं सकाळी दुकानात जातं, अंगणात उभी असेल तीच घेतं आणि दुपारी तीच गाडी घेऊन बाजारहाट करतं. आपल्याकडे मागचा वळण्याचा दिवा पिवळा लागतो, तिकडे लाल चालतो. आमच्या काटकसरी मालकांनी तिकडच्या गाड्यांवर तो लगेच लाल करून टाकला, कारण ब्रेकच्याच दिव्यात काम भागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, इकडे सरकारी तपासनीस आधी गाडी उलटीपालटी करून बघतो, मग विक्री. तिकडे आधी कोणी येतच नाही. कारखान्यानेच दाराच्या चौकटीला पट्टी चिकटवायची की गाडी नियमात बसते. खोटं निघालं की मग सालटं काढतात. ज्याच्यावर कोणी लक्ष ठेवत नाही ते काम एकहार्टला अंगावर आल्यासारखं वाटे, आणि म्हणूनच असेल, शिव्या देत देत त्याने अमेरिकेची गादी गरजेपेक्षा बरीच जाड करून ठेवली होती. अर्धवट काम त्याच्या हातून व्हायचंच नाही. हा त्याचा गुण होता, आणि तो त्याला स्वतःला मुळीच आवडत नसे.

एकहार्टने लग्न केलं नाही. त्याचं घरदार म्हणजे धाकटी बहीण इर्मट्राउट आणि तिचा नवरा. हा नवरा, ड्वेन हॅचर, ओहायोचा. जवळच्या फाइहिंगनच्या अमेरिकन लष्करी छावणीच्या भटारखान्यात सार्जंट. उंच, गडगडाटी हसणारा, कोबीचं लोणचं सोडून जगातलं काहीही खाणारा. इकडची स्वाबियन जर्मन बोली बोलायचा, पण तोंडात गरम बटाटा असल्यासारखं. आणि पट्टा बांधायचा नाही.

तसा छावणीच्या फाटकापाशी बांधायचा, कारण तिथे शिपाई बघतो. फाटक मागे पडलं की सोडायचा.

"गळ्याला काचतो रे, मेहुण्या."

"गळ्याला काचत नाही. तू सीट मागे पाडून खाटेवर पडल्यासारखा गाडी चालवतोस म्हणून काचतो."

"लांब पायांचा माणूस आहे मी."

"आखूड अकलेचा आहेस."

"बघितलंस, ट्राउडे? तुझ्या भावाने आज दोन वाक्यं बोलून काटकसर मोडली."

दर रविवारी हे असं चालायचं आणि इर्मट्राउट दोघांच्या ताटात श्पेट्झलेच्या शेवया वाढत राहायची.

कारखान्यातल्या माणसांना नवी गाडी स्वस्तात मिळते. वर्षभर वापरायची आणि चांगल्या भावात विकायची, हा आमच्याकडे घरोघरचा रिवाज. एकहार्टने आपली वर्षभराची बाटली-हिरवी गाडी ड्वेनला देऊ केली, तीही घरातला भाव लावून. ड्वेनने आत बसून पाहिलं. हाताने टाकायचे गिअर, कॉफीचा पेला ठेवायला जागा नाही. तो म्हणाला, "छान आहे, पण मी पेला कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?" आणि छावणीतल्या विक्रेत्याकडून त्याने तीच गाडी, तोच रंग, पण अमेरिकेसाठी बनलेली घेतली. पुढेमागे ओहायोला न्यायला ती सोयीची. एकहार्टची गाडी शेवटी इर्मट्राउटने घेतली. दारात दोन जुळ्या हिरव्या गाड्या उभ्या राहू लागल्या. एकहार्टला हा नकार इतका लागला की पुढचे काही रविवार तो मुद्दाम कोबीचं लोणचं घेऊन जेवायला गेला.

त्या शरदात कारखान्यात खर्चकपातीचं वारं सुटलं. हिशेब विभागाचा रेंट्झ एकहार्टकडे आला. अमेरिकेची गादी कायद्यापुरतीच जाड ठेवली तर? परीक्षेत काठावर पास होईल, पण होईल. तिकडे आधी तपासायला कोण येतंय? एकहार्टची तर वर्षानुवर्षांची हौस फिटणार होती. त्याने रेखाचित्र करून दिलं. पातळ गादी. निर्णय विभागप्रमुख फ्राउ हेगेलेंच्या पुढच्या बैठकीत व्हायचा होता.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात, दुपारी, त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. इर्मट्राउट इस्पितळातून बोलत होती. फिल्डरच्या सपाटीवर धुकं होतं, शेतातून कोबीची ट्रॉली रस्त्यावर आली, ड्वेन तिच्यावर जाऊन आदळला. डॉक्टर त्याला आत घेऊन गेलेत. पोलीस म्हणाला, पट्टा नव्हता.

रविवारी जेवताना झालेलं बोलणं एकहार्टला आठवलं. ड्वेनची गाडी हिवाळी टायर घालायला द्यायची होती आणि तेवढे दिवस तो बायकोची गाडी वापरणार होता. बायकोच्या गाडीत पातळ गादी. पातळ गादीवर बिनपट्ट्याचा माणूस आदळला तर गुडघ्यांचं आणि मांड्यांचं काय होतं, हे त्याने पुतळ्यांवर वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

"कोणती गाडी होती?" त्याने विचारलं.



"माझा नवरा तिथे आत पडलाय," इर्मट्राउट म्हणाली, "आणि तुला गाडीची पडलीय?"

"ट्राउडे, ऐक, तुझी की त्याची?"

"भरपाई मिळेल तुला तुझ्या पत्र्याची." तिने फोन आपटला.

तो निघाला. कोट खुर्चीवरच राहिला. फिल्डरवर धुकं असं दाट होतं की बाजूचं कोबीचं शेत दिसत नव्हतं, नुसता वास येत होता. आयुष्यात एकहार्टने कधी देवाकडे काही मागितलं नव्हतं, मागायला काही लागतं असं त्याला वाटतच नसे. आता मात्र तो स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून एकच घोकत होता, त्याची असू दे, त्याची असू दे.

पुढे गाड्या थांबल्या होत्या. धुक्यात लांब एक दिवा लुकलुकत होता. पिवळा.

पिवळा म्हणजे इकडची गाडी. पिवळा म्हणजे ट्राउडेची. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या आणि तो पिवळा जळत-विझत जवळ येत होता. मग धुक्यातून एका ट्रकचं टप दिसलं. दिवा त्या टपावर होता, गाडी ओढून न्यायला आलेल्या ट्रकचा. त्याच्या पुढे, रस्ताभर पसरलेल्या कोबीच्या गड्ड्यांमध्ये, एक हिरवी गाडी पाठमोरी उभी होती. कोणीतरी तिचे वळण्याचे दिवे धोक्याची खूण म्हणून चालू करून ठेवले होते.

ते लाल होते. दोन्ही बाजूंना लाल, लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते.

एकहार्टने गाडी कडेला घेतली आणि तो रडला. ओक्साबोक्शी, नाक पुसायला रुमाल नाही म्हणून बाहीने पुसत. ज्या लाल दिव्याची त्याने इतकी वर्षं टिंगल केली, तो बघून त्याच्या जिवात जीव आला होता. ट्रकवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "बरे आहात ना?" एकहार्टने मान हलवली. मग उतरून तो त्या गाडीपाशी गेला आणि मोडक्या दारातून आत वाकला. पत्रा आत गेला होता. जाड गादीत दोन खळगे होते, शेजारी शेजारी, उशीवर कोणी कोपरं रोवल्यासारखे. त्याने त्यात मूठ घालून पाहिली. अजून चेपायला पत्रा शिल्लक होता.

इस्पितळाच्या बाकावर इर्मट्राउट पाठ फिरवून बसली होती.

"झाली गाडीची चौकशी?"

"झाली." तो तिच्या शेजारी टेकला. "तुझ्या गाडीत असता ना, तर त्याच्या मांड्यांची हाडं कमरेत घुसली असती. म्हणून विचारत होतो."

ती त्याच्याकडे वळली. "टायरवाल्याने त्याला आज परत पाठवलं," ती हळू म्हणाली. "माल आला नाही म्हणून." मग तिने त्याचा हात इतका घट्ट धरला की त्याला दुखलं. भावंडांनी असं हात धरून बसायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं. एका गुडघ्याची वाटी फुटली आहे, तीन बरगड्या मोडल्या आहेत, चेहरा एअरबॅगने भाजल्यासारखा लाल झाला आहे. कंबर, मांड्या, डोकं शाबूत. चालेल. नाचेलही, नाचत असेल तर.

"आधीही वाईटच नाचायचा," इर्मट्राउट म्हणाली, आणि दुपारपासून पहिल्यांदा तिला हसू आलं.

त्यांना आत सोडलं तेव्हा ड्वेनने एक डोळा उघडला.

"मेहुण्या, तुझ्या गादीला मी लाथ घातली."

"पाहिली मी."

"कोबीनेच शेवटी डाव साधला."

"फाटकापाशी पट्टा बांधला होतास?"

"हो."

"आणि मग सोडलास."

"हो."

"गाढवा," एकहार्ट म्हणाला. पुढे त्याला बरंच बोलायचं होतं, पण त्याने ड्वेनचं पांघरूण नीट केलं. ते आधीच नीट होतं.

बैठकीच्या दिवशी रेंट्झने बचतीचे आकडे मांडले आणि एकहार्टचं रेखाचित्र टेबलावर पसरलं. एकहार्टने ते उचललं, घडी घातली आणि आपल्या फाइलीत ठेवून दिलं.

"हे मी मागे घेतो," तो म्हणाला. "गादी आहे तशीच राहील."

रेंट्झ गडबडला. "अहो हेर ब्रोडबेक, हे तुम्हीच म्हणत होतात ना? कोण तो बिनपट्ट्याचा माणूस, त्याचं नाव सांगा म्हणून?"

फ्राउ हेगेलेंनी चष्म्यावरून एकहार्टकडे पाहिलं.

"ड्वेन हॅचर," एकहार्ट म्हणाला. "रविवारी इस्पितळातून सुटतोय. माझ्याकडे जेवायला येणार आहे."